टेप कुठून धरली?

अकोल्याच्या जुन्या शहरात अपघाताचा निकाल पानठेल्यावर लागतो आणि त्याला अर्धा तासही लागत नाही. एक गाडी मोठी असली तर चूक तिची. दोन्ही दुचाक्या असल्या तर ज्याचं पोरगं जवान त्याची. ड्रायव्हर पळाला असला तर मग विचारायलाच नको. मोर्णा नदीच्या या काठावर, डाबकी रोडपासून हरिहर पेठेपर्यंत, असे निकाल मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढं वकिली केली तीही मोटार अपघात दाव्यांची, त्यामुळे त्याच निकालांशी कोर्टात झुंजायची वेळ आली.

परदेशात आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांत अपघात कसा घडला हे शोधायला खास इंजिनिअर असतात. लेझरनं रस्ता मोजतात, ड्रोन उडवतात, संगणकावर ती धडक पुन्हा घडवून पाहतात. आमच्याकडं एक जमादार, दोन पंच आणि एक टेप. नंतर आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक गाड्या तपासून जातात. प्रश्न मात्र दोन्हीकडं तेच असतात: कोण कुठं होतं, किती वेगात होतं, त्याला काय दिसत होतं आणि टाळायला वेळ होता का. या प्रश्नांची उत्तरं बहुतेक पहिल्या काही तासांतच रस्त्यावर असतात, आणि तेवढ्यातच पुसली जातात. बाळापूर, पातूर, अकोट, बार्शीटाकळीकडच्या घरांचे दावे चालवताना जे हाती लागलं, ते मांडतो.

१. गाडी जिथं थांबली तिथंच धडक झाली, असं धरू नये.

पंचनाम्यात पहिली नोंद गाड्यांच्या जागेची होते, कारण त्या समोर दिसतात. पण धडकेनंतर गाडी फिरते, घसरते, फरफटत जाते. भरलेला ट्रक लहान गाडीला ढकलत रस्त्यापलीकडं नेऊन ठेवतो, आणि मग नकाशात लहान गाडी चुकीच्या बाजूला दिसते. धडकेची जागा डांबरावर शोधावी लागते. मडगार्डच्या आत महिनोन्‌महिने साचलेला चिखल त्या एका झटक्यात खाली पडतो. आमच्या भागात तो काळ्या मातीचा, वाळून खपल्या झालेला असतो. चेसिस किंवा रिम टेकली की डांबरात ताजी खोक पडते. काचेचा चुरा गाडीच्या वेगानं पुढं उडतो, म्हणून एकट्या काचेवर विसंबू नये.

अकोट रस्त्यावरच्या एका काळीपिवळीच्या दाव्यात नकाशा पूर्ण आमच्या विरुद्ध होता. काळीपिवळी उजव्या कडेला आडवी, म्हणजे तिनंच बाजू सोडली, असं विमा कंपनीचं म्हणणं. गावातल्या एका पोरानं पोलिस यायच्या आधी मोबाइलवर काढलेला फोटो मिळाला. त्यात मातीच्या खपल्यांचा ढीग आणि डांबरातली खोक डाव्या बाजूला, म्हणजे काळीपिवळीच्याच बाजूला होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये, केरळमधल्या जिजू कुरुविला प्रकरणात, हेच सांगितलं आहे: अपघातानंतरच्या गाड्यांच्या नुसत्या जागेवरून कुणाचा हलगर्जीपणा ते ठरत नाही. हा निकाल मी फाईलमध्ये कायम ठेवतो.

२. टेप कुठून धरली, हे आधी विचारावं.

‘रस्त्याच्या कडेपासून सात फूट’ असं पंचनाम्यात असतं. कोणती कड? काळ्या मातीच्या मुलखात डांबराची कड पावसाळ्यात खचते, उन्हाळ्यात भेगाळते, ट्रॅक्टरच्या चाकांनी तुटते. एकाच रस्त्याची कड पन्नास पावलांवर फूटभर आतबाहेर असते. आणि मध्यरेषेवरून दोन फूट इकडं की तिकडं, एवढ्यावरच सगळा दावा फिरतो.

त्याहून वाईट म्हणजे झाडावरून घेतलेलं माप. ‘कडुनिंबाच्या झाडापासून पूर्वेस तीस फूट’ असं लिहिलेला एक पंचनामा साक्षीपुराव्याला आला तेव्हा रस्ता चौपदरी झाला होता आणि कडुनिंब कधीच तोडला गेला होता. अंतर अचूक, पण मोजायला जागाच नाही. किलोमीटरचा दगड, पुलाचा कठडा, क्रमांक घातलेला विजेचा खांब, अशा हलणार नाहीत त्या दोन खुणांपासून माप घेतलं तर ती जागा कितीही वर्षांनी सापडते. दोन खुणा, एक पुरत नाही. एका खांबापासून वीस मीटर म्हटलं तर ती जागा त्या खांबाभोवती कुठंही असू शकते.

३. ब्रेकच्या खुणेची लांबी दुप्पट झाली म्हणून वेग दुप्पट होत नाही.

हा हिशेब वकिलांनाही जड जातो, म्हणून सावकाश सांगतो. कोरड्या चांगल्या डांबरावर चाकं जाम होऊन गाडी घसरत थांबली आणि खूण वीस मीटर निघाली, तर ब्रेक लागला तेव्हा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास होता. खूण चाळीस मीटर असेल तर वेग एकशेवीस नाही, चौऱ्यांशीच्या जवळपास. वेग खुणेच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतो. शिवाय हा किमान वेग असतो. खुणेच्या शेवटी गाडी कशावर आदळली असेल, तर आदळताना उरलेला वेगही हिशेबात धरावा लागतो. रस्ता ओला असेल तर हीच वीस मीटरची खूण पन्नासच्याही खालचा वेग सांगते. आणि आमच्याकडं ‘ओला’ म्हणजे फक्त पाऊस नव्हे. पेरणीच्या दिवसांत शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकाला लागलेला चिखल अर्धा किलोमीटर डांबरावर सांडत जातो. त्यावर दुचाकी साबणावरून घसरावी तशी जाते. पंचनाम्यात तिथं ‘रस्ता डांबरी, सुस्थितीत’ असं लिहिलेलं असतं.

आता याच वीस मीटरच्या खुणेच्या मागं जाऊ. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. साठच्या वेगानं तेवढ्यात गाडी पंचवीस मीटर पुढं जाते. म्हणजे थांबायला एकूण पंचेचाळीस मीटर हवेत. रात्री डिपरवर कित्येक गाड्यांचा उपयोगाचा उजेड चाळीसेक मीटरच्या पुढं जात नाही. रस्त्यात कापसाची किंवा उसाची ट्रॉली उभी आहे, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर चिखलानं माखलेला. साठच्या वेगातला सरळमार्गी दुचाकीवालाही त्या ट्रॉलीत शिरतो. त्याची चूक शून्य नाही, कारण उजेडाच्या टप्प्यात थांबता येईल एवढ्याच वेगानं जायला हवं होतं. पण मुख्य दोष ती बिनदिव्याची ट्रॉली उभी करणाऱ्याचा. पानठेल्यावर मात्र निकाल एकच: ‘मागून ठोकली, म्हणजे मागच्याची चूक.’

एक सावधगिरी. खूण नाही म्हणजे ब्रेक लावलाच नाही, असं म्हणू नये. २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरच्या नव्या दुचाक्यांना एबीएस आहे. त्यात चाक जाम होत नाही आणि डांबरावर जेमतेम पुसट रेघ उमटते. दुपारपर्यंत तीही जाते.

४. फुटलेला बल्ब फेकू नये.

जुन्या तारेच्या बल्बमध्ये दिवा चालू असताना तार तापून मऊ झालेली असते. धक्का बसला की ती ताणून वेडीवाकडी होते. बंद दिव्याची थंड तार तशी ताणत नाही, तुटलीच तर सरळ तुटते. काच फुटली तेव्हा दिवा चालू असेल तर हवा लागून तार काळवंडते. ‘समोरच्याचा लाइट बंद होता’ या वादाचं उत्तर इतकं लहान असतं. आता एलईडीमुळे हा पुरावा संपत चालला आहे, पण एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो, त्यामुळे तो वादही कमी झाला.

५. माणसं गेली तरी लोखंड उरतं.

या विषयातला देशभर गाजलेला निकाल आपल्या विदर्भातला आहे, आणि तोही जिनिंगवाल्यांचा. १८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडं निघालेली एक मोटार सावनेरच्या वाटेवर झाडावर आदळली. ती चालवत होते रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीचे मॅनेजर. आत बसलेले उदेशी नावाचे प्रवासी त्यात गेले. धडक पाहणारा, काय झालं ते सांगणारा कुणी नव्हता. आमच्या धंद्यात अशा दाव्याला लोक हात लावत नाहीत.

पण घटनास्थळ पाहिलेल्या माणसाची साक्ष होती. रस्ता सरळ, पंधरा फूट रुंद. झाड उजव्या बाजूला, म्हणजे गाडीनं जायला नको त्या बाजूला. झाड बुंध्याशी नऊदहा इंच उखडलेलं. गाडीचं इंजिन आपल्या जागेवरून फूटभर मागं ढकललेलं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या पत्नी पुष्पाबाई उदेशींच्या बाजूनं निकाल देताना म्हटलं की अशी परिस्थिती स्वतःच बोलते. नीट चालवलेली गाडी सरळ रस्ता सोडून उलट्या बाजूच्या झाडात शिरत नाही. शिरली तर का, हे सांगायची जबाबदारी गाडीवाल्यावर येते.

ना लेझर, ना संगणक. रुंदी, बाजू, झाडाचे इंच आणि इंजिनाचा एक फूट. मला या निकालात सर्वांत मोलाचा वाटतो तो कायद्याचा सिद्धांत नव्हे, तर तिथं उभं राहून ते इंच पाहून ठेवणारा माणूस. तो नसता तर न्यायालयापुढं बोलायला परिस्थितीच नव्हती.

६. ‘टायर फुटला साहेब’ हे तपासता येतं.

ड्रायव्हरचा हा सर्वांत आवडता बचाव, कारण त्यात कुणाचीच चूक नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले, तेव्हाही चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालानं ते नाकारलं. साधं कारण होतं: रस्त्यावर रबराचे तुकडे नव्हते, टायरच्या खुणाही नव्हत्या.

चालत्या गाडीचा टायर फुटला तर आधी रबराच्या चिंध्या पडतात, मग टेकलेल्या रिमची रेघ डांबरावर दिसते, आणि गाडी फुटलेल्या चाकाकडं ओढली जाते. आधी धडक आणि मग टायर फुटला, तर रबरावर रिमनं चिमटल्यासारखा काप असतो आणि तुकडे धडकेच्या जागेच्या अलीकडं सापडत नाहीत. म्हणून टायर भंगारात जाऊ द्यायचा नाही. गॅरेजवाल्याला सांगून ठेवावं लागतं. त्याची घाई जागा मोकळी करायची असते.

७. साक्षीदारानं आधी काय ऐकलं, ते विचारावं.

“मी सोता पायलं साहेब, ट्रक सुसाट येऊन रायला व्हता.”

“तुम्ही तेव्हा काय करत होते?”

“चा पेऊन रायलो व्हतो.”

“मान वर कवा केली?”

“आवाज झाला तवा.”

हा माणूस खोटं बोलत नाही. धडकेनंतर त्यानं जे पाहिलं त्यावरून मनानं आधीची दोन सेकंदं भरून काढली. वेगाच्या बाबतीत तर कुणाचंच ऐकू नये. ज्या गाडीचा आवाज मोठा तिचा वेग जास्त वाटतो, एवढंच.

८. कॅमेऱ्यातली दृश्यं टिकतात थोडे दिवस.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडीतल्या यंत्रणेची माहिती गाडीच्या कंपनीनं पोलिसांना दिली: काही सेकंद आधी वेग ताशी १००, ब्रेक लावल्यावर धडकेच्या क्षणी ८९. आमच्या पक्षकारांच्या स्प्लेंडरमध्ये असलं काही नसतं. पण दुकानाच्या शटरवर कॅमेरा असतो, आणि तो तेवढंच सांगू शकतो. दोन विजेच्या खांबांमधलं अंतर प्रत्यक्ष मोजायचं. ते तीस मीटर असेल आणि दुचाकी ते दोन सेकंदांत पार करत असेल, तर वेग ताशी चौपन्न. सातवीच्या मुलालाही जमेल असं गणित, आणि त्यानं ‘सुसाट’ हा शब्द कित्येकदा फाईलमधून घालवला आहे.

अडचणी दोन. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर जुनं पुसून नवं लिहितो, काही ठिकाणी आठवड्यातच. आणि त्याचं घड्याळ हमखास चुकलेलं असतं. त्यावर तोडगा सोपा: आपल्या मोबाइलवरची वेळ त्याच कॅमेऱ्यासमोर धरायची, म्हणजे फरक किती मिनिटांचा ते त्याच रेकॉर्डिंगमध्ये नोंदलं जातं. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र घ्यायचं, नाहीतर कोर्टात तो नुसता व्हिडिओ ठरतो. दुकानदाराला गोडीनं सांगावं लागतं. त्याला तारखांना बोलावतील याचीच भीती असते.

९. नियम मोडला म्हणजे अपघात त्यानंच केला, असं नाही.

जुन्या शहरात एका गाडीवर नवरा, बायको आणि मधे पोरगं, हे रोजचं. मागून ट्रकनं उडवलं की विमा कंपनी म्हणते, ट्रिपल सीट होते, भरपाई कापा. ट्रिपल सीटचा दंड वेगळा; पण तिसरा माणूस नसता तर ही धडक टळली असती का, किंवा मार कमी लागला असता का, हे दाखवल्याशिवाय कपात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात स्पष्ट केलं. परवाना नसण्याबाबत असाच निकाल २००८ चा आहे. धडक कशी झाली ते इंचानिशी मांडता आलं की हा फरक न्यायाधीशांना लगेच दिसतो. मांडता आलं नाही तर ‘थोडी त्याचीही चूक’ म्हणून वीस-तीस टक्के सहज जातात. दहा लाखांच्या भरपाईत तीस टक्के म्हणजे तीन लाख. विधवा बाईच्या संसारात ते किती, हे मी सांगायला नको.

मागं बसलेल्याची गोष्ट वेगळी. दोन्ही चालकांची चूक असली तरी तो कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो.

१०. फौजदारी खटला सुटला म्हणून दावा सोडू नये.

फौजदारीत शंकेला जागा राहिली की आरोपी सुटतो. दाव्यात कोणती शक्यता जास्त, एवढंच पाहतात. जुलै २०२४ पासून हलगर्जीपणानं मृत्यूला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फॉरेन्सिक पथकानं घटनास्थळी यावं हे बंधन मात्र सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना. म्हणजे साध्या अपघाताला ते पथक आपोआप येत नाही, आणि जमादाराची टेपच शेवटचा आधार राहते.

कागद असे: २०२२ च्या नियमांप्रमाणं पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. नातेवाइकांनी त्याच्या प्रती मागाव्यात आणि नकाशा घेऊन एकदा जागेवर जाऊन यावं. चूक सिद्ध न करता मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर जखमेला अडीच लाख मिळतात. त्याहून जास्त हवं तर कलम १६६, आणि तिथं चूक दाखवावी लागते. त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तेरवी, वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबणारी घरं मी पाहिली आहेत.

११. रस्त्याला कुणी आरोपी करत नाही.

फिर्यादीत दोन गाड्या असतात, रस्ता नसतो. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनेसमध्ये नोंद झाली. चांगलंच झालं, अकोल्याहून अमरावतीला जाताना पाठ दुखत नाही. पण रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो, आणि ढाब्यासमोर दुभाजक फोडून केलेली वाट तशीच राहते. चारोटीच्या पुलाचंही तेच, मिस्त्रींच्या अपघाताच्या वेळी तिथं तीन पदरी रस्ता पुलापाशी अरुंद होत होता. सदोष रस्त्याबद्दल ठेकेदाराला आणि अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड करणारं कलम १९८-अ २०१९ पासून कायद्यात आहे. माझ्यासमोर आलेल्या एकाही पंचनाम्यात त्याचा उल्लेख नाही.

उलटतपासणीत मी आता एक प्रश्न ठरवून विचारतो: साइडपट्टी डांबरापासून किती खाली होती? बहुतेकांनी मोजलेली नसते. मध्यंतरी एका तरुण हवालदारानं पंचनाम्यात आपणहून लिहिलं होतं, ‘डांबराची कड तुटलेली, साइडपट्टी सहा इंच खाली.’ बसला वाट देताना दुचाकीवाला कडेला गेला, चाक खाली उतरलं, वर घेताना गाडी आडवी झाली आणि बसच्या मागच्या चाकाखाली गेली. विमा कंपनी त्याच्यावर निम्मी चूक टाकते आहे. आमचं म्हणणं त्या सहा इंचांवर उभं आहे. हवालदाराची साक्ष दिवाळीनंतर आहे.